उंबराखालचा टेम्पो

माझ्यासमोर कुणी विमा हा शब्द काढला की माझं डोकं सणकतं. एजंट दारात आला तर मी त्याला पाणीसुद्धा विचारत नाही. शेजारणी म्हणतात, काय बाई तुसडी आहे! असेन. त्यांच्या घरातल्या माणसांना कुणी साहेबाच्या टेबलासमोर बसवून सोलून काढलेलं नाही, म्हणून त्यांना गोड बोलायला सुचतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडला आमची बैठी चाळ होती. समोरासमोर खोल्यांच्या दोन ओळी, मधे अंगण आणि अंगणाच्या टोकाला, फाटकाजवळ, एक भलामोठा उंबर. भाड्याच्या पावतीवर लिहिलेलं असायचं, ‘एक खोली व पुढची पडवी’. अंगणाचा त्यात शब्द नव्हता. पण अंगण कुणाचं असं विचारलं असतंत, तर अख्खी चाळ एका सुरात ओरडली असती, आमचं! तिथे आमचे पापड वाळायचे, तिथेच लग्नाचे मांडव पडायचे आणि कुणी गेलं तर तिरडीही तिथेच बांधली जायची. मालक फाटकाला लागून असलेल्या बंगलीत राहायचा आणि गॅलरीत उभा राहून दात कोरत आमच्याकडे बघायचा.

आमचे बाबा मूळचे मालवणकडचे. भांडुपच्या एका कारखान्यात जन्म गेला, त्यातला अर्धा युनियनमध्ये. माणूस सरळ, पण भांडणाची भारी हौस. भांडण नसलं की त्यांना अन्न गोड लागत नसे. रिटायर झाले, भांडायला मॅनेजमेंट उरली नाही, मग त्यांनी मालकाला धरलं. आई म्हणायची, ‘बरं झालं बाई, नाहीतर मला धरलं असतं.’

मालकाला तो उंबर तोडून तिथे दोन खोल्या काढायच्या होत्या. बाबांनी काय करावं? एका रविवारी चाळीतले सगळे पुरुष कामाला लावले आणि उंबराभोवती विटा-सिमेंटचा पार बांधून वर दत्ताच्या पादुका बसवल्या. बाबांचं आणि देवाचं कधी पटलं नव्हतं. घरच्या गणपतीच्या आरतीलासुद्धा त्यांचा अर्धा जीव मोदकात. पण दत्ताच्या झाडाला कुऱ्हाड लावायला कुणी धजत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ‘फुकटचो वॉचमन,’ म्हणाले, ‘पगार नाय, बोनस नाय.’ शिवाय महापालिकेला अर्ज केला, आमच्या श्रद्धास्थानाला हात लावू नये म्हणून. पहिली सही बाबांची. झाडांच्या खात्याचा माणूस बघायला आला तेव्हा जोरात आरती चालू होती, म्हणजे बाबांनीच फाटकावर पोरं उभी करून ती चालू करवली होती. तो बिचारा प्रसाद खाऊन निघून गेला.

आई मात्र त्या पादुकांना मनापासून मानायला लागली. रोज तांब्याभर पाणी, गुरुवारी घागरभर. बाबा हसायचे, पण अडवायचे नाहीत.

दोन-तीन वर्षं गेली आणि मालकाचं पत्र आलं, प्रत्येक खोलीला एकेक. झाड आतून पोखरलेलं आहे, खाली कुणी बसू नये, वाहनं लावू नयेत, काही झाल्यास जबाबदारी आमची नाही. बाबांनी ते पत्र पारावर उभं राहून, मालकासारखं नाकात बोलत, सगळ्या चाळीला वाचून दाखवलं. आम्ही हसून हसून लोळलो. मालक आम्हाला घाबरवून झाड तोडायला बघतोय, याबद्दल कुणाच्या मनात तिळभर शंका नव्हती. ते पत्र मग प्रसादाच्या साखरफुटाण्यांची पुडी बांधण्यात संपलं.

माझी थोरली बहीण, ताई, कांजूरमार्गला दिली होती. भावोजी घाटावरचे. आईबाप लहानपणीच गेलेले, चुलत्याच्या दारात वाढलेले, म्हणजे वाढले कसले, पडून राहिलेले. कुणी नुसतं ‘जेवलात का’ विचारलं तरी त्यांचे डोळे खाली जायचे. बाबांनी दिवाळसणाला त्यांना आपल्या शेजारी पाटावर बसवलं, ‘जावईबापू, आणखी एक करंजी’ असा आग्रह केला, तेव्हापासून हा माणूस बाबांचा झाला तो झालाच. बाबा म्हणतील ती पूर्व दिशा. उत्तर ठरलेलं, ‘बरं, मामा.’ ताई चिडवायची, ‘बाबा, तुम्ही यांना विहिरीत उडी मारा म्हणालात तर हे विचारतील, आत्ता की जेवून?’ भावोजी हसायचे, पण ती काही थट्टा नव्हती.

इतकी वर्षं ते दुसऱ्यांच्या टेम्पोवर ड्रायव्हर होते. मग बँकेचं कर्ज काढलं, ताईने पाटल्या मोडल्या आणि स्वतःचा टेम्पो आला. भांडुप-विक्रोळीच्या कारखान्यांतला माल भिवंडीला पोचवायचा. त्या टेम्पोवर ताईचं सगळं उभं होतं. टेम्पो चालला तर बँकेचा हप्ता जाणार, हप्ता गेला तर भाड्याची खोली राहणार, खोली राहिली तर पोरगी शाळेत जाणार. टेम्पो बसला की सगळंच बसलं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, तोंडाने कुणी बोलत नव्हतं एवढंच.

कांजूरला त्यांच्या गल्लीत टेम्पो शिरत नसे. रस्त्यावर उभा करायचे तर एकदा बॅटरी गेली, एकदा चाक गेलं. बाबा म्हणाले, ‘आमच्या अंगणात लावा ना. मालकाच्या नाकासमोर. बघू काय करतो तो!’ आणि लगेच त्या पत्राची गंमत सांगितली, पुन्हा नाकात बोलून, पुन्हा तसेच हातवारे करून. ‘झाड पोखरलाहा म्हणे! दत्त असा खाली, काय होवचा नाय.’ भावोजींनी एकदा वर झाडाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘बरं, मामा.’

मग रोज सकाळी ते कांजूरहून सायकलने यायचे, पारापाशी सायकल लावायचे आणि टेम्पो काढायचे. मी नळावर असायचे तेव्हा बघायचे. काचेवर उंबरं फुटून चिकटलेली असायची आणि नाचणीच्या पिठासारखा भुसा पडलेला असायचा. ते फडक्याने सगळं पुसायचे, क्षणभर वर बघायचे आणि गाडी चालू करायचे. मला वाटायचं, धूळ.

गुढीपाडव्याला जावई जेवायला. टेम्पोला झेंडूचा हार, अंगणात दारोदार गुढ्या. दुपारची वेळ होती, वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं. आम्ही सगळे जेवत होतो आणि बाहेर आधी करकर अशी लांबलचक कुरकुर झाली आणि मग जमीन हादरली. धावलो. उंबर बुंध्यातून मोडून सरळ टेम्पोवर आडवा झाला होता. केबिनचा पत्रा सीटला टेकला होता. चाळीचं नशीब की त्या वेळी अंगणात पोर नव्हतं. पादुका जागच्या जागी, ओरखडासुद्धा नाही.

बाबा उभे. उजवा हात श्रीखंडाने भरलेला, तो तसाच पुढे धरलेला. ताईने पोरीला छातीशी घट्ट धरलं होतं. आणि भावोजी काय म्हणाले असतील? ‘मामा, तुम्ही आधी हात धुवून घ्या.’ देवा रे! मला तेव्हाच त्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटलं होतं.

संध्याकाळपर्यंत बाबा सावरले. पोलिसांचा पंचनामा झाला. कर्ज देताना बँकेने पूर्ण विमा उतरवायला लावला होता, ते भावोजींनी सांगितलं आणि बाबांचा चेहरा फुलला. ‘मग रडतंस कित्याक गो?’ ताईला म्हणाले. ‘इन्शुरन्स असा! नवो टेम्पो घेव!’

कंपनीचा सर्व्हेअर आला. फोटो काढले. हातातल्या छत्रीचं टोक त्याने मोडक्या बुंध्यात खुपसलं, ते मुठीपर्यंत आत गेलं. ‘बुंध्याला सिमेंट घातलंत आणि रोज पाणी, कुजणार नाही तर काय?’ म्हणाला. आई आत निघून गेली. त्या दिवसानंतर ती त्या पादुकांपाशी पाणी घेऊन गेली नाही. आणि मग मालक, जो कधी अंगणात पाऊल टाकत नसे, तो उतरून खाली आला, आदराने सर्व्हेअरला घेऊन गेला आणि बंगलीत त्याला चहा पाजला. आम्ही चहा विचारायचा विसरलो होतो. बाबा म्हणाले, ‘पिऊ दे चहा, कायदा चहावर चालत नाही.’ कप्पाळ!

क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र इंग्रजीत आलं. मी घाटकोपरला एका ऑफिसात टायपिस्ट होते, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. झाड धोक्याचं असल्याची लेखी सूचना होती, तरीही गाडी तिथे लावली, म्हणजे विमेदाराने वाहनाची योग्य काळजी घेतली नाही. अंगण भाड्याच्या पावतीत नाही, तिथे गाडी लावायचा हक्क नाही. आणि पुराव्यादाखल दोन कागदांच्या नकला: मालकाचं ते पत्र आणि झाड तोडू नका म्हणून महापालिकेला केलेला आमचा अर्ज, पहिली सही बाबांची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाबांनी तो अर्ज स्वतःच्या हातात घेतला, आपल्या सहीवर अंगठा फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र धोतराचा काचा मारून तयार. ‘लिही,’ मला म्हणाले. आणि मग ते वर्षभर चाललं. मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या टाइपरायटरवर बाबांची पत्रं बडवायची, भावोजी खाली सही करायचे, बाबा ती घेऊन घाटकोपरला कंपनीच्या ऑफिसात जायचे. साड्यांच्या दुकानावर, जिना चढून. तिथे बाकावर बसवून ठेवायचे. साहेब मीटिंगमध्ये, साहेब टूरवर, साहेब जेवायला. ज्या माणसाने भांडुपच्या मॅनेजरला केबिनमध्ये कोंडलं होतं, तो शिपायाला ‘जरा बघा ना, आले का’ म्हणून विचारायला लागला. मला ते बघवत नसे. एकदा मी भडकले, ‘बाबा, भीक नको पण कुत्रं आवर, असं झालंय. सोडून द्या.’ तर म्हणाले, ‘तुझ्या बहिणीचा घर माझ्यामुळे बुडाला. सोडून कसा देऊ?’

घर बुडतच होतं. ताईने खोली सोडली आणि कचऱ्याच्या डेपोकडे एका पत्र्याच्या खोलीत बिऱ्हाड हलवलं. भावोजी पुन्हा दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर झाले. पोरीचं शाळेतून नाव निघालं आणि लांबच्या म्युनिसिपल शाळेत पडलं. बँकेची माणसं दोनदा येऊन गेली. ताई आमच्याकडे आली की बाबांशी अगदी नीट बोलायची, नको इतकं नीट. बाबा ते ओळखून होते.

मग एक दिवस बाबा जिना उतरून आले ते धावतच माझ्या ऑफिसात. त्यांना मुद्दा सापडला होता. मालकाचं पत्र भाडेकरूंना होतं. अर्ज भाडेकरूंचा होता. आणि टेम्पोचा मालक कोण? जावई! जावई चाळीतला भाडेकरू आहे का? नाही. मग त्याला सूचना मिळाली कुठे? नवीन आलेल्या साहेबाने हे ऐकून मान डोलावली होती. म्हणाला होता, ‘मुद्दा आहे तुमच्या बोलण्यात. विमेदाराला समक्ष आणा. झाडाबद्दल आपल्याला काही माहीत नव्हतं एवढं त्यांनी सांगू दे, मी फाइल वर पाठवतो. होऊन जाईल.’ बाबांनी माझ्या टायपिंगच्या टेबलावर हात टेकले होते आणि ते लहान मुलासारखे हसत होते.

साहेबाच्या भेटीच्या आदल्या संध्याकाळी भावोजींना बोलावलं. बाबांनी समजावलं, काय विचारतील, काय सांगायचं. ‘मला काही माहीत नव्हतं. बस. जास्ती बोलायचा नाय.’ भावोजी ऐकत होते. ‘बरं, मामा.’ ताई किती तरी दिवसांनी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मी तिच्या डोक्याला तेल घातलं. ती म्हणाली, ‘झालं ना हे, की आधी पोरीला जुन्या शाळेत घालीन.’

साहेब चांगला होता, खोटं कशाला बोलू. तपकिरी सफारी, सावकाश बोलणं. आम्हाला तिघांना खुर्च्या दिल्या, चहासुद्धा मागवला. फाइल उघडली आणि भावोजींना विचारलं, ‘हे झाड पोखरलंय, असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?’

भावोजी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. मी मनात म्हणत होते, बोला ना, एक शब्द बोला.

साहेबाला वाटलं, माणूस बुजलाय. त्याने मदत म्हणून उत्तरही पुढे केलं, ‘हे बघा, घाबरू नका. तुमच्या सासऱ्यांना पत्र मिळालं होतं, हे तर कागदावर आहेच. म्हणजे त्यांना माहीत होतं. त्यांनी ते तुमच्यापासून लपवलं आणि तुम्हाला तिथे गाडी लावायला सांगितली. असंच ना? एवढं हो म्हणा, म्हणजे झालं.’

‘हो, हो,’ बाबा घाईघाईने म्हणाले. ‘मीच लपवलं.’

भावोजींनी मान वर केली. आधी बाबांकडे बघितलं, मग साहेबाकडे. ‘नाही साहेब,’ म्हणाले. ‘मामांनी लपवलं नाही. मला सगळं सांगितलं होतं.’

‘काय सांगितलं होतं?’

‘पत्राचं. आणि मला दिसतही होतं. रोज भुसा पडायचा काचेवर.’

साहेबाने पेन खाली ठेवलं. ‘अहो, मग गाडी का नाही काढली तिथून?’

‘मामांनी लावायला सांगितली होती,’ भावोजी म्हणाले. ‘काढली असती तर त्यांना वाटलं असतं, माझा त्यांच्यावर भरवसा नाही.’

बाबा ताडकन उठले. खुर्ची मागे पडली. ‘खोटा बोलतो तो, साहेब! मी काय पण सांगूक नाय त्याला! मीच फसवलं. माझीच लबाडी. लिहा तुम्ही, मी सही करतो. चाळीला विचारा, मालकाला विचारा, मी लबाड माणूस आहे, साहेब!’ ज्यांनी आयुष्यात कुणापुढे मान तुकवली नाही, ते माझे बाबा टेबलावर वाकून आपण लबाड आहोत म्हणून विनवत होते. बाहेरचे कारकून काचेतून बघत होते. भावोजींनी वाकून पडलेली खुर्ची उचलली, सरळ केली आणि बाबांच्या पाठीशी लावली. ‘मामा, बसा,’ म्हणाले.

साहेब हळूच मला म्हणाला, ‘मॅडम, मी आता काय करू? माझ्यासमोर बोलले ना ते.’ खरं होतं. त्याचा काय दोष? मला राग कुणावर काढावा तेच कळेना. एकाला दोष हवा होता आणि दुसरा तो द्यायला तयार नव्हता, आणि या दोघांच्या मधे माझी बहीण भरडली जात होती.

जिना उतरलो. बाबा भिंतीला हात लावून एकेक पायरी उतरत होते. खाली साड्यांच्या दुकानात लग्नाची गर्दी होती, आतून हसण्याचे आवाज येत होते. रस्त्यावर आल्यावर बाबा भावोजींना म्हणाले, ‘काय केलंत हे?’ भावोजी म्हणाले, ‘तुम्हाला लबाड म्हणायला जीभ नाही वळली, मामा.’ आम्ही बसने घरी आलो.

ताईला मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, उठली, आणि पहिल्यांदाच बाबांसमोर तिचा आवाज चढला. ‘तुमचा मान राहिला ना? यांचाही राहिला ना? मग झालं तर! माझ्या पोरीला काय घालू, तुमचा मान वाढू ताटात? भुसा पडताना दिसत होता, आणि हे पुसत बसले! अहो, बायकोला तरी सांगायचं होतं!’ भावोजी उंबरठ्यावर उभे होते. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

बँकेने टेम्पोचा सांगाडा उचलून नेला. झाड तर केव्हाच लाकूडवाल्याने नेलं होतं. मालकाने पाराच्या जागी दोन खोल्या काढल्या, आणि चाळीतून कुणी हूं की चूं केलं नाही.

त्यानंतर बाबांनी एक दिवस चहा पिता पिता सांगितलं, आपण कामाला जाणार. कुठे? भावोजी चालवत होते त्या टेम्पोवर, माल चढवायला-उतरवायला. हमाल म्हणून. मिळेल ती मजुरी ताईच्या हातात. आई रडली, मी भांडले. सासरा जावयाच्या गाडीवर हमाली करतो, लोक काय म्हणतील? बाबा म्हणाले, ‘लोकांनी बरीच वर्षं माझं ऐकलं. आता मी त्यांचं ऐकतो.’ भावोजींना सांगितलं. मग तेच, ‘बरं, मामा.’

फरशांच्या पेट्या, रंगाचे डबे, पत्र्याच्या गुंडाळ्या. साठी उलटलेला माणूस. भावोजी त्यांना केबिनमध्ये शेजारी बसा म्हणायचे, तर बाबा ऐकायचे नाहीत. ‘हमाल मागे बसतो,’ म्हणायचे आणि मालावर जाऊन बसायचे. एकदा मी भांडुपला रस्ता ओलांडत होते तेव्हा समोरून तो टेम्पो गेला. मागे पेट्यांवर बाबा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, दोन्ही हातांनी दोरी धरलेली. त्यांनी मला पाहिलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. मी फुटपाथवर उभी राहून रडले, लोक बघत होते तरी.

थंडीत त्यांचा खांदा धरला. घास तोंडाशी नेता येईना, आई भरवायला लागली. तेव्हा मी ताईच्या पत्र्याच्या खोलीवर गेले आणि भावोजींना नाही नाही ते बोलले. ‘मारायचंय का तुम्हाला त्यांना? एकदा ओरडून सांगता येत नाही, उद्यापासून यायचं नाही म्हणून? तोंड शिवलंय का तुमचं?’ ते खाली मान घालून ऐकत राहिले. ‘कसं सांगू?’ एवढंच म्हणाले. ताई चुलीपाशी होती, तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

मग घरी येऊन मी बाबांनाच विचारलं, ‘का करताय हे? कुणी सांगितलंय तुम्हाला?’

बाबा डावा हात खांद्यावर चोळत होते. म्हणाले, ‘गो, तो माका एकदा तरी शिवी घालू दे. नको तर नको, नुसता नाही म्हणू दे. त्या दिवशी मी घरी बसतलंय.’

हे मी भावोजींना जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, त्यांना तुमच्याकडून ऐकून घ्यायचंय, त्याच्यासाठीच येतात ते. द्या ना त्यांना एकदा शिवी. सुटू दे त्यांना. भावोजींचे डोळे भरले. मला वाटलं, आता हा माणूस बोलणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी टेम्पो येऊन थांबला. हॉर्न वाजला नाही, सासऱ्याला हॉर्न वाजवून ते कधीच बोलवत नसत. भावोजी खाली उतरले, अंगण ओलांडून आमच्या दारात आले. आई बाबांच्या खांद्याला तेल लावत होती. बाबांनी वर बघितलं आणि वाट पाहत राहिले.

‘मामा,’ भावोजी म्हणाले, ‘निघायचं?’